वाचून दाखवला, समजला, मान्य आहे

आमच्या क्लबात खंडेनवमीला फुटबॉलची पूजा होत असे. नारायण पेठेत एका पिठाच्या गिरणीवर आमची खोली होती. खाली दळण चालू असलं की वरच्या फळ्या थरथरायच्या आणि कपाट, दोन ढाली, गणपतीचा फोटो, सगळ्यावर पिठाचा पातळ थर बसायचा. खंडेनवमीला मात्र गिरणी बंद असे. मग आम्ही सतरंजी झटकून तिच्यावर तीन चेंडू, हवा भरायचा पंप, कर्णधाराचे बूट आणि गोलकीपरचे हातमोजे मांडायचो, झेंडूची फुलं वाहायचो, आणि या सगळ्याशेजारी पाटावर एक गठ्ठा ठेवायचो. तो खेळाडूंच्या फॉर्मांचा.

फॉर्म कोरे असत. म्हणजे छापील मजकूर होता, पण मुदत, अटी, तारीख या जागा रिकाम्या. एकेक खेळाडू पुढे यायचा, चेंडूला नमस्कार करायचा, फॉर्मवर सही करायचा आणि मी त्या सहीवर कुंकवाचं बोट टेकवायचो. मग त्याच्या हातावर पेढा. शुभ दिवशी सही झालेली बरी, मजकूर काय, सवडीने भरता येतो, असं आमचे अध्यक्ष म्हणायचे. अशा दिवशी अटी विचारणं म्हणजे अपशकुन, तेव्हा कोणी विचारत नसे. मी क्लबचा मानद चिटणीस होतो आणि पोटापाण्यासाठी एका सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर खिडकीशी आलेल्या माणसांना बजावायचो, "कोऱ्या कागदावर सही करू नका, नंतर रडत याल." वर्षातून एकदा गिरणीवर बसून मी वीस जणांकडून तेच करून घ्यायचो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. क्लब म्हणजे घरचाच कारभार, असं आम्ही धरून चाललो होतो.

फॉर्मचा मसुदा माझाच. कचेरीतल्या कागदांवरून शब्द उचलून मी तो बसवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. शेवटी एक ओळ होती: 'वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला व मान्य आहे. फॉर्मची एक प्रत मिळाली.' वाचून कोणी कोणाला दाखवत नव्हतं आणि प्रत आजवर एकालाही दिलेली नव्हती. पण ओळ छापलेली होती, आणि माझ्या नोकरीत छापलेलं ते झालेलं असाच हिशेब असे.

पेठेत फुटबॉल खेळणारे तेव्हा थोडे. हा खेळ कँपातल्या लोकांचा, आपण आपलं क्रिकेट बघावं, असं आमच्या आळीतल्या थोरामोठ्यांचं मत. आम्ही नदीपात्रात सराव करायचो. तिथेच मला आमचा डावा विंगर सापडला. शहराबाहेरच्या एका गावातला शेतकऱ्याचा मुलगा, विशी ओलांडलेला. पहाटे सायकलला किटल्या लावून पेठांमधून दूध घालायचा आणि परतताना पात्रात थांबून अनवाणी खेळायचा. उजव्या पायाचा त्याला फारसा उपयोग नव्हता. डाव्या पायाने मात्र तो धावता धावता चेंडू असा उचलून टाकायचा, की गोलसमोरच्याने फक्त डोकं लावायचं. मी त्याला बूट आणून दिले. आमच्याकडेही दूध त्याचंच होतं. कारकुनाला गावाकडे भाऊसाहेब म्हणतात, तसा तो मला भाऊसाहेब म्हणे.

त्याच्या जिवावर दोन हंगामांत आम्ही वरच्या गटात पोचलो. दोन्ही वर्षी त्याच्या फॉर्मवर मी 'एक हंगाम' अशीच मुदत भरली होती. सगळ्यांचीच भरायचो. तिसऱ्या खंडेनवमीला त्याने नेहमीसारखी सही केली, पेढा खाल्ला, आणि तो फॉर्म कोराच कपाटात पडून राहिला. मला सवड झाली नाही, एवढंच त्याचं कारण.

मे महिन्यात खेळाडूंना क्लब बदलायला पंधरा दिवस मिळत. त्या पंधरा दिवसांच्या सुरुवातीला एका सकाळी दूध मापून झाल्यावर तो दारातच थांबला. एका सरकारी खात्याच्या संघाने त्याला पाहिलं होतं. संघात आला तर खात्यात कायमची नोकरी. अट एकच, पंधरा दिवसांत आमच्या क्लबचं ना-हरकत पत्र आणून त्यांच्याकडे नाव नोंदवायचं. वयाची मर्यादा त्या वर्षीच संपत होती, पुढच्या वर्षी ते त्याला घेऊ शकले नसते.

"तेवढं पत्र द्या भाऊसाहेब," तो म्हणाला. "किटल्या सुटतील माझ्या."

मी म्हटलं, "अध्यक्षांशी बोलतो."

आता खरं लिहायचं तर मला त्या क्षणी राग आला होता. नोकरी मिळते याचा नाही. खात्याच्या माणसांशी तो महिनाभर बोलत होता, त्यांच्याकडे जाऊन चाचणी देऊन आला होता, आणि मला शेवटी सांगत होता. ज्याला मी पात्रातून उचलला, बूट घातले, त्याने आधी मला विचारायला हवं होतं. तो विचारता, तर मी स्वतः पत्र लिहून, वर टाचणी लावून नेऊन दिलं असतं. असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही खरं वाटत नाही.

अध्यक्षांचं कसब्यात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. मी गेलो तेव्हा ते एका बाईंना घंगाळ दाखवत होते. बाई गेल्यावर मी सगळं सांगितलं. खात्याचा संघ आमच्याच गटात होता, म्हणजे तोच डावा पाय आता आमच्यावर उलटणार.

"त्याच्या फॉर्मवर मुदत किती घातलीय?" त्यांनी विचारलं.

"अजून घातलेली नाही."

अध्यक्षांनी घंगाळ जागेवर ठेवलं. "मग घाला की, चिटणीस. तुम्हाला काय, अक्षर चांगलं आहे."

एवढंच बोलणं झालं. त्यांनी मला धाक घातला नाही, लालूच दाखवली नाही. मी सरळ गिरणीवर गेलो, कपाट उघडलं, त्याचा फॉर्म काढला आणि मुदतीच्या जागी लिहिलं, 'तीन हंगाम'. अटीत लिहिलं, क्लबच्या लेखी परवानगीशिवाय अन्य संघाकडून खेळणार नाही. तारीख टाकली आदल्या जूनची, हंगाम सुरू होतो तेव्हाची. अक्षर जरा जास्तच देखणं आलं, आणि ते बघून मला बरं वाटलं. एका माणसाची तीन वर्षं आपल्या टाकाखाली आली, याचं सुख होतं ते. दुसरं नाव द्यायचं कशाला?

फक्त एक घोळ झाला होता. तारखेचा रकाना सहीला लागून होता. खंडेनवमीला मी टेकवलेलं कुंकू सहीवरून ओघळत त्या रकान्यात गेलं होतं, आणि माझी शाई त्या कुंकवावर फुटली होती. खाली सही, तिच्यावर कुंकू, कुंकवावर तारीख. कचेरीत असा कागद माझ्यापुढे आला असता, तर मी तो चिमटीत धरून साहेबांना दाखवला असता.

पत्र मिळणार नाही हे मी त्याला दारातच सांगितलं. "तुझा तीन हंगामांचा करार आहे," मी म्हटलं. तो गोंधळला. "तीन? कवा केला?" मी म्हटलं, "सही तुझीच आहे." तो किटली उचलून गेला. मला वाटलं, संपलं. पण त्याने खात्याच्या माणसांकडून अर्ज लिहून घेऊन लीग चालवणाऱ्या संघटनेकडे तक्रार केली, आणि पंधरा दिवस संपायला दोन दिवस उरले असताना सुनावणी लागली.

तीन जणांची समिती होती. मधोमध एक निवृत्त मुख्याध्यापक. खेळाडूच्या बाजूने कोणी येत नसे, त्या काळी खेळाडूला बाजू असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. तो एकटाच आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. क्लबतर्फे मी. अध्यक्षांना दुकान सोडवेना.

त्याने सांगितलं ते सरळ होतं. सही खंडेनवमीला घेतात, तेव्हा फॉर्म कोरा असतो, मागच्या दोन वर्षी एकच हंगाम घातला होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, "याला साक्षीदार कोण?"

"भाऊसाहेबांनाच विचारा," त्याने माझ्याकडे बोट केलं. "ते खोटं बोलायचे न्हाईत."

मला आजही तो सदरा दिसतो. कॉलरची घडी नवी होती.

"सही घेतली तेव्हा मजकूर भरलेला होता?" मुख्याध्यापकांनी मला विचारलं.

"होता."

"खेळाडूला वाचून दाखवला होता?"

"मी स्वतः दाखवला. सावकाश."

हे 'सावकाश' मी का घातलं, देव जाणे. कोणी विचारलं नव्हतं.

तो समितीकडे वळला आणि जे बोलला, त्याची मी दूधवाल्याकडून अपेक्षा केली नव्हती. "मूळ फॉर्म काढा साहेब. सहीवर कुंकू लावत्यात. तारीख मागनं लिवली असंल तर कुंकवावर आली असंल. बघा, दिसंल."

म्हणजे तोही माझ्याइतकाच विचार करून आला होता. मी मात्र कारकून होतो. मूळ फॉर्म मी नेलाच नव्हता. मी नेली होती त्याची हातानं लिहिलेली खरी प्रत, अध्यक्षांच्या सही-शिक्क्यानिशी. खऱ्या प्रतीत सही उमटवत नाहीत, तिथे नुसतं 'सही/-' असं लिहितात. कुंकू तर कोणी नकलून काढत नाही.

"मूळ फॉर्म गेल्या वर्षी नोंदणीच्या गठ्ठ्याबरोबर आपल्याकडेच जमा केला," मी म्हटलं.

समितीचे तिघे एकमेकांकडे बघू लागले. त्यांचं कार्यालय त्याच वर्षी हललं होतं आणि कुठला गठ्ठा कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. मला हे माहीत होतं, म्हणूनच मी ते बोललो. मूळ कागद हरवला हे कबूल करण्यापेक्षा समोरची प्रत मानणं त्यांना सोपं गेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "शोधायला सांगतो. तूर्त प्रत ग्राह्य धरू." तक्रार फेटाळली गेली. मूळ फॉर्म तेव्हा माझ्या घरी कपाटात, पंचांगाखाली होता.

दोन दिवसांनी मुदत संपली आणि खात्याने दुसऱ्या कोणाला घेतलं.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं. मी झोपल्याचं सोंग करून ऐकत होतो. त्याने माप ओतलं, मग दारातून हाक मारली, "भाऊसाहेब, फॉर्म घावला का?"

मला उठावं लागलं. "अजून नाही," मी म्हटलं.

"घावला की सांगा," असं म्हणून तो गेला.

मी काय केलं ते घरात सांगितलं नव्हतं, पण पेठेत लपतं काय? पातेलं गॅसवर चढवत बायको म्हणाली, "तुम्ही त्याला सगळं वाचून दाखवलंत म्हणे. अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी पेपरातली बातमी वाचून दाखवली नाहीत." मी पेपर उघडून बसलो. दूध बंद करावं असं मी सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "दुधाने काय केलंय तुमचं?"

मग रोज तेच. माप, हाक, फॉर्म घावला का. सूर कधी चढला नाही की उतरला नाही. पावसात, थंडीत, माझ्या अंगात ताप असताना, बायकोच्या वडिलांचं सुतक असताना. मी रोज म्हणायचो, "नाही." खरं म्हणजे मी रोज नव्याने खोटं बोलत होतो, एका खोट्यावर भागलं असतं तिथे शेकड्यांनी. तो ते माझ्याकडून मोजून घेत होता.

खेळायला तो येत होता. करारच होता. वेळेवर यायचा, रेषेवरून धावायचा, कोणालाही आडवा गेला नाही. पण चेंडू उचलून गोलसमोर टाकणं बंद झालं. अध्यक्ष एकदा मैदानावर येऊन त्याच्यावर ओरडले. त्याने शांतपणे विचारलं, "फॉर्मात लिवलंय का तसं? भाऊसाहेबांना इचारा, त्यांनी वाचलाय." खेळाडू हसले. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आम्ही खालच्या गटात घसरलो, आणि अध्यक्ष सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काय हो चिटणीस, माणूस बांधलात, पाय बांधायचे राहिले वाटतं." सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. करार संपला त्या दिवशी त्याने बूट आणून माझ्या दारात ठेवले, घासूनपुसून, नाड्या बांधून. पुढे कुठल्याच क्लबात तो खेळला नाही. पिशवीतलं दूध आलं तशी त्याची फेरीही थांबली, आणि रोजची हाक बंद झाल्यावर मला वाटलं होतं तसं हलकं मुळीच वाटलं नाही.

फॉर्म मी फाडला नाही. याचं श्रेय मी घेणार नाही. कागद फाडायचा नाही ही नोकरीची सवय, दुसरं काही नाही. बायको गेल्यावर कपाट आवरताना तो पंचांगांच्या चळतीखाली निघाला, आणि एका सकाळी तो पिशवीत घालून मी बसमध्ये बसलो.

त्याचं गाव आता शहरातच आलंय. शेतांच्या जागी बारा-बारा मजली इमारती. घर विचारावं लागलं नाही, रिक्षावाल्याने नाव ऐकताच आणून सोडलं. दारात दोन मोटारी, आत गुळगुळीत फरशी. ते बघून मला किती सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. जमिनीला भाव आला, माणूस सुखात आहे, त्या नोकरीत एवढं काय मिळालं असतं, असं सगळं मी पायऱ्या चढताना मनात मांडून ठेवलं.

तो सोफ्यावर बसला होता. पोट सुटलेलं, केस पांढरे. मला ओळखायला क्षणही लागला नाही.

"फॉर्म घावला," मी म्हटलं.

त्याने हात पुढे केला नाही. आतून बायको, मुलगा आणि सून यांना हाका मारून बसवलं. मग त्यांना म्हणाला, "ह्यांनी मला एक फॉर्म वाचून दाखवला हुता. साहेब लोकांम्होरं तसं सांगितलं त्यांनी. मला काय आठवत न्हाई." मग माझ्याकडे वळला. "वाचा भाऊसाहेब. सावकाश."

सगळे माझ्याकडे बघत होते. सुनेने चहा आणला, तो तिपाईवर ठेवला. मी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला लागलो. क्लबचं नाव, त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव. मुदत, तीन हंगाम. अट. माझं अक्षर अजून तसंच ठसठशीत होतं, कुठे अडायला निमित्त मिळालं नाही. तारखेशी आलो.

"थांबा," तो म्हणाला. "कुंकू हाय का तितं?"

"आहे."

"वर का खाली?"

"सहीच्या वर. तारखेच्या खाली."

"खंडेनवमी कवा असती हो?"

"आश्विनात."

"आन तारीख?"

"जूनची."

त्याच्या मुलाला काही कळलं नाही, पण बायकोला कळलं. तिने माझ्याकडे बघायचं सोडून फरशीकडे बघायला सुरुवात केली. मला वाटलं आता तो ओरडेल, निदान शिवी तरी देईल. माझी तयारी होती, मी त्यासाठीच आलो होतो.

"हां, म्होरं," तो म्हणाला.

पुढे शेवटचीच ओळ उरली होती. मी ती वाचली. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला व मान्य आहे. फॉर्मची एक प्रत मिळाली.

त्याने थोडा वेळ डोळे मिटले. मग मुलाला म्हणाला, "खालनं ह्याची झेरॉक्स काढून आण. आपली प्रत ऱ्हायली हुती." मुलगा कागद घेऊन गेला. तो येईपर्यंत चहावर साय धरली. मुलगा आला तेव्हा बापाने झेरॉक्स ठेवून घेतली आणि मूळ फॉर्म माझ्या हातात परत दिला.

"ह्यो तुमच्यापाशीच असूं द्या. तुमच्याकडंच असतो ह्यो."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"वाचून दाखवला," तो म्हणाला. "समजला. मान्य न्हाई."

मग मुलाला सांगितलं, यांना बसस्टॉपवर सोड. मी पिशवी उचलली, फॉर्म आत ठेवला आणि त्या मुलाच्या मागे पायऱ्या उतरलो.